ट्रम्पेटवादक कै. चिक चॉकलेट

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीबाहेरच्या, किंबहुना धर्माबाहेरच्याही, एका गृहस्थाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न आमच्या काही वडीलधाऱ्या वाचकांच्या मनात उभा राहील याची आम्हांस कल्पना आहे. अशा अंकांत समाजातील कर्त्या पुरुषांची चरित्रे यावीत, दानशूरांची छायाचित्रे झळकावीत, गुणवंत मुलामुलींची नावे यावीत, हे रास्तच आहे, आणि तीही याच अंकात अन्यत्र वाचावयास मिळतील. परंतु आपल्या समाजातील कित्येक घरांची चूल पिढ्यान्‌पिढ्या वाद्यावर पेटत आली आहे. हलगी, संबळ, सनई आणि त्यांच्यामागून आलेला पितळी बँड यांनी आपल्याला भाकरी दिली, आणि त्याच वाद्यांमुळे गावाने आपल्याला मांडवाच्या बाहेरही बसविले. अशा समाजाने, ज्या माणसाने ट्रम्पेट हे पितळी वाद्य तोंडास लावून मुंबईच्या सर्वांत श्रीमंत दिवाणखान्यात मानाची जागा मिळविली, त्याची ओळख करून घेऊ नये, तर कोणी घ्यावी?

दुसरेही एक कारण आहे, आणि ते अधिक जवळचे आहे. गेवराईपासून परळीपर्यंत आणि आष्टीपासून केजपर्यंत आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही वरातीपुढे उभे राहावे. बँड रंगात आला की केव्हा ना केव्हा 'अलबेला' चित्रपटातील नाचाची चाल निघते, किंवा 'आशा'मधील 'ईना मीना डीका' निघते. ट्रम्पेट वाजविणारा आपला तरुण त्या चालीतील उड्या डोळे मिटून घेतो. त्याच्या ओठांस त्या उड्या ठाऊक आहेत. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहात त्या पहिल्या प्रथम ज्यांच्या ओठांतून निघाल्या, त्या चिक चॉकलेट यांचे नाव मात्र त्याच्या कानावर कधी आलेले नसते.

चिक चॉकलेट हे नाव रंगमंचावरचे. खरे नाव अँतोनियो झेवियर वाझ. जन्म सन १९१६ मध्ये गोव्यातील बार्देश महालातील हळदोणे या गावी झाला. पोर्तुगीज या गावास आल्दोना म्हणत. गाव म्हापसा नदीच्या काठी, नारळीच्या झाडांत, आणि गावाच्या कडेला संत थॉमसचे जुने देऊळ. गोव्यावर त्या वेळी पोर्तुगिजांचा अंमल होता, तो १९६१ पर्यंत राहिला. त्या अंमलाची गाऱ्हाणी पुष्कळ आहेत. परंतु एक गोष्ट तेथे अशी घडली की, जिचा परिणाम पुढे सबंध हिंदुस्थानच्या चित्रपटसंगीतावर झाला. खेडोपाडीच्या चर्चना जोडून शाळा होत्या, आणि त्या शाळांतून मेस्त म्हणविले जाणारे संगीतशिक्षक पोरांना प्रार्थनागीतांसाठी स्वरलिपी वाचावयास शिकवीत. ग, म, भ, न गिरविण्याच्या वयात तेथील मूल पाच रेघांवरचे काळे ठिपके पाहून गळ्यातून नेमका स्वर काढी. मग त्याच्या हाती व्हायोलिन येई, क्लॅरिओनेट येई, नाहीतर ट्रम्पेट येई. ख्रिस्ती गोव्यातही जातिभेद होताच, देवळातील मानपानावरून तंटेही होत. तथापि ठिपके वाचण्याची विद्या पुष्कळ गरीब घरांपर्यंत पोहोचली, हे नाकारता येत नाही. चिक हे याच परंपरेतले.

गोव्यात पोट भरण्यास वाव नव्हता. म्हणून तेथील तरुण मुंबई, कराची, कलकत्ता, रंगून अशा शहरांकडे निघत. कोणी बोटीवर खलाशी होई, कोणी साहेबाच्या घरी आचारी, आणि ज्याला ठिपके वाचता येत तो वादक. पलटणींचे बँड, पोलिसांचे बँड, मूकपटांच्या पडद्यापुढे बसणारे वाद्यवृंद, हॉटेलांतील नाचाचे ताफे या सर्वांत गोवेकर भरलेले असत. मुंबईस धोबीतलाव आणि माझगाव या भागांत गावोगावच्या लोकांनी चालविलेल्या खोल्या असत, त्यांना कूड म्हणत. एक पेटी, एक चटई आणि भिंतीवर गावच्या संताची तसबीर एवढ्यावर माणूस तेथे राही. ऊसतोडीसाठी दर वर्षी कोयता घेऊन घराबाहेर पडणाऱ्या आमच्या बीडकरांस परगावच्या या संसाराचे फारसे वर्णन करून सांगावयास नको.

आता मुंबईकडे वळण्यापूर्वी थोडे सातासमुद्रापलीकडे जाणे भाग आहे, कारण चिक यांचे गुरू तेथे होते, आणि त्या गुरूंचे कूळ आपल्या कुळाशी विलक्षण मिळतेजुळते आहे. अमेरिकेच्या दक्षिण टोकास न्यू ऑर्लीन्स नावाचे बंदर आहे. तेथील काळे लोक गुलामांची संतती. गुलामगिरी कायद्याने गेली तरी विटाळ गेला नाही. बसण्याच्या जागा निराळ्या, शाळा निराळ्या. या लोकांनी पितळी बँड हाती घेतला. ते मिरवणुकीत वाजवीत, आणि प्रेतयात्रेतही वाजवीत: स्मशानाकडे जाताना संथ, शोकाचे सूर, आणि माती देऊन परतताना नाचाची चाल. त्याच गावात एका दरिद्री घरी लुई आर्मस्ट्राँग जन्मले. सन १९१३ च्या प्रारंभी रस्त्यावर पिस्तुलाचा बार काढला म्हणून या पोरास अनाथ मुलांच्या सुधारगृहात टाकण्यात आले, आणि तेथील बँडमध्ये त्यांच्या हाती कॉर्नेट हे वाद्य पडले. पुढे १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी शिकागो येथे केलेल्या ध्वनिमुद्रणांनी ट्रम्पेटवादनाची जगभरची रीतच पालटली. वरातीपुढे आणि प्रेतापुढे वाजविणाऱ्या लोकांतून हा माणूस निघाला, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवीत आहो.

या संगीतास जाझ म्हणतात. ते मुंबईस केवळ तबकड्यांतून आले असे नव्हे. सन १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी यांचा काळ्या वादकांचा ताफा उतरला. त्यांच्या मागून क्रिकेट स्मिथ हे ट्रम्पेटवादक आणि टेडी वेदरफोर्ड हे पियानोवादक आले. वेदरफोर्ड पुढे हिंदुस्थानातच राहिले आणि १९४५ साली कलकत्त्यास वारले. या मंडळींनी गोव्याच्या तरुणांना आपल्या ताफ्यात घेतले. कागदावरचे ठिपके त्या तरुणांस येतच होते. कागदावर न मावणारे जे काही असते, ते त्यांनी या पाहुण्यांपाशी बसून उचलले. चिक यांच्या पिढीचे कान या हवेत तयार झाले.

चिक यांनी आर्मस्ट्राँग यांना आदर्श मानले, आणि तेही अर्धवट नव्हे. ट्रम्पेटचा फेक तोच, मध्येच खरखरीत आवाजात गाण्याची लकब तीच, हातातला रुमालही तोच. मुंबईचे रसिक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. हे ऐकून कोणी म्हणेल की ही तर नक्कल झाली. आमचे मत असे नाही. ज्याला गुरू समोर बसून शिकवू शकत नाही, त्याने गुरूची चाल, बोलणे, घाम पुसण्याची पद्धत, सारे अंगी आणावयाचे ठरविले, तर त्यात हसण्यासारखे काय आहे? एकलव्याने मातीच्या पुतळ्यापुढे धनुष्य ओढले. चिक यांच्यापुढे लाखेची काळी तबकडी होती. गुरूने त्यांचा अंगठा मागितला नाही, एवढाच फरक.

तबकडीवरून अवघड जागा उचलणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी आधी वाद्य समजले पाहिजे. आपल्या घरांत ट्रम्पेट हाताळले जाते, तरी त्याची घडण कशी ते पुष्कळांना ठाऊक नसते. सरळ केली तर पाच फुटांस थोडी कमी भरेल अशी ही पितळी नळी. तिला कळा अवघ्या तीन. मधली कळ दाबली की नळी लांब होऊन स्वर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिलीने एक स्वर, तिसरीने दीड स्वर. तिन्ही कळांचे मिळून दाबण्याचे प्रकार आठ, आणि त्यांतून नळीच्या लांब्या मिळतात सात. एवढ्यात अडीच सप्तके कशी मिळावीत? तर ती बोटांतून मिळतच नाहीत. कळ न दाबता नुसता ओठांचा ताण आणि फुंकेचा जोर बदलला की त्याच नळीतून षड्ज निघतो, मग पंचम, मग तार षड्ज, मग वरचा गंधार, वरचा पंचम, असे स्वर निघत जातात. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जाणत्याच्या कानास गंधार ऐकू येतो, त्यातलाच हा निसर्गनियम. खाली हे स्वर एकमेकांपासून दूर असतात, वर चढावे तसे ते एकमेकांस खेटून उभे राहतात. म्हणून वरच्या जागी ओठ केसभर ढळला की भलताच स्वर लागतो, नाहीतर स्वर फुटतो. आणि ट्रम्पेटचा फुटलेला स्वर झाकता येत नाही, सबंध आळीला ऐकू जातो.

आपल्या जिल्ह्यात हे विलायती पितळ प्रथम कोठे वाजले असेल, याचा माग काढताना आम्हांस आंबाजोगाईचे नाव डोळ्यांपुढे येते. तिला त्या वेळी मोमिनाबाद म्हणत, आणि तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. हे सैन्य १९०३ साली इंग्रजांच्या हिंदी फौजेत मिळविण्यात आले. छावणीतला बिगूल म्हणजे कळा नसलेली नळी. तिच्यावर सारे काम ओठांनीच करावे लागते. आपल्याकडचे शिंग, तुतारी, कर्णा यांचेही तेच. तेव्हा ओठांनी स्वर काढण्याची विद्या आपल्याला परकी नव्हती. परकी होती ती स्वरलिपी.

आर्मस्ट्राँग यांनी जून १९२८ मध्ये मुद्रित केलेली 'वेस्ट एंड ब्लूज' नावाची एक चीज आहे. तिच्या आरंभी साथीदार सारे गप्प असतात आणि ट्रम्पेट एकटीच बोलते. उणीपुरी बारा-तेरा सेकंदे. पहिले चार स्वर ठाम, पायऱ्या उतरावे तसे. मग एकदम वर झेप, आणि वरून जलद तिनतिनाच्या लडी उलगडत खाली. त्याच चिजेच्या शेवटाकडे आर्मस्ट्राँग एकच तार स्वर चार आवर्तने धरून ठेवतात, आणि मग तो सोडतात तो पुन्हा लडींच्या रूपाने. जगभरच्या ट्रम्पेटवादकांनी या बारा सेकंदांपुढे वर्षे घातली आहेत. ज्या काळी चिक शिकत होते, त्या काळी तबकडी मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेई आणि तीन मिनिटांत संपे. अवघड जागा पुन्हा ऐकावयाची तर सुई उचलून अंदाजाने मागे ठेवावी लागे. फेरे मंद केले तर लडी सुट्या ऐकू येत, पण मग सारी पट्टीच उतरे, आणि उतरलेल्या पट्टीतले मनातल्या मनात पुन्हा चढवून घ्यावे लागे. तबकडी झिजे, सुया संपत, शेजारी ओरडत. या वाटेने ज्यांनी विद्या मिळविली, त्यांच्या कानास धार का आली हे मग सांगावे लागत नाही.

अशा जागांची मेहनत कशी करावी याचेही एक शास्त्र आहे. पॅरिस येथील अध्यापक आर्बां यांनी १८६४ साली कॉर्नेटच्या अभ्यासाचे एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केले; ट्रम्पेट शिकणारे विद्यार्थी ते आजही उघडतात. पुढे अमेरिकेत हर्बर्ट क्लार्क यांनी अभ्यासाच्या ज्या चाली लिहिल्या, त्यांत त्यांचा कटाक्ष असा की, लडी अगदी हळू आवाजात आणि एका दमात पुन्हा पुन्हा वाजवावी. आमच्या तरुणांस हे ऐकून नवल वाटेल, कारण आपल्याकडे मेहनत म्हणजे जोर अशी समजूत आहे. वास्तविक जोराने वाजविणे सोपे, हळू वाजविणे कठीण. हळू फुंकेवर जो ओठ थरथरत नाही, तो जोराच्या फुंकेवर ढळत नाही. अवघड लडीचे आधी तीन-चार स्वरांचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकडा इतका संथ घ्यावा की चूक होऊच नये, मग दोन तुकड्यांचा सांधा घोटावा, कारण लडी तुटते ती तुकड्यात नव्हे, सांध्यात तुटते. शेवटचा तुकडा आधी पक्का केला, तर वाजविणारा अनोळखी मुलुखातून ओळखीच्या मुलुखाकडे जातो, आणि त्याचा धीर वाढत जातो. जितका वेळ वाजवावे तितकाच वेळ वाद्य खाली ठेवावे. ओठ म्हणजे मांस आहे, पितळ नव्हे. खुद्द आर्मस्ट्राँग यांनी ओठांवर इतका भार घातला की त्यांचे ओठ फाटून त्यांना काही काळ वाद्य बाजूस ठेवावे लागले. लग्नसराईत भर उन्हात दिवसाला दोन-दोन वराती उरकणाऱ्या आपल्या मुलांच्या ओठांकडे कोणी मालकाने कधी पाहिले आहे काय?

जलद लडीसाठी जिभेचे काम निराळे. स्वर सुटा यावा म्हणून जिभेने दातांमागे 'तु' असा ठोका द्यावयाचा. फार जलद असेल तर 'तु-कु, तु-कु', तिनाच्या लडीस 'तु-तु-कु'. हे आधी तोंडाने म्हणून घ्यावयाचे आणि मगच फुंकावयाचे. आपल्याकडील जाणत्यांस यात पखवाजाच्या बोलांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. आपल्याच आंबाजोगाई तालुक्यातील आपेगावचे शंकरबापू आपेगावकर यांना पखवाजवादनासाठी १९८६ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या वाद्यातही बोल आधी जिभेवर बसतो आणि मग हातात उतरतो. विद्या दोन मुलुखांच्या, पण रियाजाचा न्याय एकच. एका बाबतीत मात्र आपल्या सनईच्या घराण्यांतून आलेल्या मुलांची अडचण होते. सनईवाला गाल फुगवून त्यात हवा साठवितो आणि सूर तुटू देत नाही. ती त्याची शोभा. तीच सवय ट्रम्पेटवर आणली की ओठांची बांधणी सैल पडते आणि वरचे स्वर हाती लागत नाहीत. बापाची विद्या मुलाच्या आड येते ती अशी, आणि बापास ते कळत नाही म्हणून घरात वाद होतात.

असो. चिक यांचे पुढील वृत्त थोडक्यात सांगता येईल. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ते स्वतःच्या ताफ्याचे नायक झाले. ताफ्याचे नाव 'म्यूझिक मेकर्स', वादक अकरा. अपोलो बंदरावरील ग्रीन्स हॉटेल आणि त्याच्या शेजारचे ताजमहाल येथे त्यांची ट्रम्पेट गाजू लागली. समोर राजेरजवाडे, गोरे अधिकारी, पारशी शेटिये नाचत. वर मंचावर हळदोण्याचा मुलगा ताल ठरवीत असे. त्याने थांबविले तर नाच थांबे. वाजंत्र्याने उभे राहावयाचे आणि पाहुण्यांनी बसावयाचे, या रीतीत वाढलेल्या आमच्या वाचकांनी या चित्रावर क्षणभर नजर ठेवावी.

मग स्वातंत्र्य आले, गोरे अधिकारी गेले, आणि मुंबई इलाख्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी कडक झाली. दारूबंदीचे आपल्या समाजावर झालेले उपकार आम्ही मानतो. पण प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू असते. हॉटेलातील रात्री थंडावल्या, आणि पुष्कळ गोवेकर वादकांनी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांची वाट धरली. चिक यांना तेथे भेटले संगीतदिग्दर्शक सी. रामचंद्र. रामचंद्र चितळकर हे जन्माने नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे, म्हणजे आपल्याच गोदाकाठचे; जी गोदावरी पुणतांब्याखालून वाहते तीच पुढे आपल्या गेवराई-माजलगावच्या शिवेवरून जाते. १९५० चा 'समाधी', १९५१ चा 'अलबेला', १९५७ चा 'आशा' या चित्रपटांतील ज्या नाचऱ्या गाण्यांनी देश डोलला, त्यांत चिक यांची साथ आहे. 'अलबेला'त तर चिक आणि त्यांचा ताफा झालरींचे सदरे घालून पडद्यावरच दिसतो. भगवानदादांची ती सोपी, खांद्यांनी केलेली नृत्ये पुढे प्रत्येक वरातीची झाली. त्यांच्या अंगाखाली ताल आहे क्यूबा बेटाकडचा, चाल आहे पुणतांब्याच्या माणसाची, आणि वरून कोसळणारी ट्रम्पेट आहे गोव्याची.

त्या काळचे ध्वनिमुद्रण म्हणजे आजच्यासारखे तुकडे जोडण्याचे काम नव्हते. गायक, व्हायोलिने, ढोलक, ट्रम्पेट सारे एका वेळी एका दालनात उभे राहत आणि गाणे आरंभापासून अखेरपर्यंत एका दमात मुद्रित होई. शेवटच्या कडव्यात ट्रम्पेटचा एक स्वर फुटला, की गायिकेपासून ढोलकीवाल्यापर्यंत सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून. अवघड जागा घरी शंभर वेळा साधणे निराळे, आणि पन्नास माणसांचे श्रम आपल्या ओठांवर तोललेले असताना ती पहिल्याच वेळी साधणे निराळे. गोवेकरांचा मान या दुसऱ्या प्रकारात होता. कागद समोर ठेवला, एकदा नजर फिरविली, एक तालीम झाली, आणि मुद्रण.

येथे आम्हांस एक गोष्ट स्पष्ट बोलावयाची आहे. फुंक आपल्या मुलांतही होती. कान तर असा की, जत्रेतल्या तंबूत एकदा चित्रपट पाहून यावा आणि दुसऱ्या दिवशी गाणे वाजवून दाखवावे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे आपले बँडमास्तर रेडिओ सिलोन लावून बसत, चाल गुणगुणत घोटून घेत आणि ती ट्रम्पेटला, क्लॅरिओनेटला, युफोनियमला तोंडी देत. परंतु तोंडी दिलेली चाल सर्वांना एकच मिळते. म्हणून आपल्या बँडमध्ये सारी वाद्ये एकच सूर धरून चालतात; चिक यांच्या ताफ्यात मात्र एक वाद्य वर, दुसरे खाली, तिसरे त्यांच्यामधून वाट काढीत असे, कारण प्रत्येकापुढे स्वतःचा कागद होता. ज्या वयात हळदोण्याचे पोर ठिपके वाचीत होते, त्या वयात आपले आजे-पणजे शाळेच्या ओसरीवरही चढू शकत नव्हते. निजामी राजवट आपल्याकडे १९४८ पर्यंत होती, आणि गावातली राजवट त्यानंतरही होती. दादर-महालक्ष्मीच्या ध्वनिमुद्रणगृहांत आपल्या लोकांच्या खुर्च्या दिसल्या नाहीत त्याचे कारण ओठांत शोधू नये.

चिक यांच्या वाट्यासही सारेच आले असे नाही. त्यांनी १९५१ मध्ये 'नादान' आणि १९५२ मध्ये 'रंगीली' या चित्रपटांस संगीत दिले. 'नादान'मध्ये देव आनंद आणि मधुबाला होते, म्हणजे संधी लहान नव्हती. पण संगीतदिग्दर्शक म्हणून त्यांचे आसन स्थिर झाले नाही. आमच्या मते याचे कारण उघड आहे. हिंदी चित्रपटाचे गाणे शब्दावर चालते, आणि चिक यांची सारी बुद्धी सुरांच्या उडीत होती. ते पुन्हा आपल्या ताफ्याकडे आणि दुसऱ्यांच्या गाण्यांकडे वळले. त्या गाण्यांच्या तबकडीवर गायकाचे नाव असे, संगीतकाराचे असे, कवीचे असे. ट्रम्पेट कोणाची, हे छापण्याची रीत नव्हती. गाणे लोकांच्या ओठी बसते ते पुष्कळदा दोन कडव्यांमधील वाद्यांच्या तुकड्यामुळे. पण तो तुकडा वाजविणारा अनामिक. लग्नपत्रिकेत मांडवातल्या साऱ्या निमंत्रकांची नावे असतात, वाजंत्र्याचे नसते, तसेच हे.

एक बारकावा सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आपल्या गाण्यास मींड लागते, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे लागते. कळा असलेले वाद्य स्वर सुटे सुटे तोडून देते. जाझवाल्यांनी यावर तोड काढली होती: कळ पुरती न दाबता अर्धीच दाबावयाची आणि बाकीची वाट ओठांनी काढावयाची. स्वर मग किंचित घोगरा होतो, पण वाकतो. आपल्या वरातीतला ट्रम्पेटवाला लावणीच्या चालीत जी अर्धी कळ दाबतो, ती हीच युक्ती. तो ती कोणाकडून शिकला असे विचारावे, तर तो वडिलांचे नाव सांगतो. वडील त्यांच्या वस्तादाचे नाव सांगतात. न्यू ऑर्लीन्सची गल्ली, ताजमहालचा मंच आणि धारूरचा वेशीपुढचा चौक यांच्यामध्ये अशी किती माणसे उभी असतील!

१९६४ साली आर्मस्ट्राँग स्वतः मुंबईस येऊन वाजवून गेले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६७ मध्ये, चिक चॉकलेट मुंबईत निवर्तले. वय पन्नाशीच्या जेमतेम पुढे. हॉटेलांतील ताफ्यांचे दिवस तोवर मावळू लागलेच होते. पुढे विजेच्या गिटारी आल्या, त्यानंतर एकाच पेटीतून सर्व वाद्यांचे आवाज काढणारी यंत्रे आली, आणि ध्वनिमुद्रणगृहांतील खुर्च्या रिकाम्या झाल्या. आपल्याकडे तीच गोष्ट वीस-पंचवीस वर्षे उशिरा, डीजेच्या भिंतींच्या रूपाने आली. त्या भिंतींपुढे सोळा माणसांचा बँड महाग वाटतो, आणि कित्येक घरांत ट्रम्पेट माळ्यावर गेली आहे. ज्या घरांत ती अजून खाली आहे त्यांच्यासाठी चिक यांच्या एका दर्शनाची माहिती देतो.

चेतन आनंद यांचा 'आखरी खत' नावाचा कृष्णधवल चित्रपट १९६६ साली निघाला. राजेश खन्ना यांचा तो पहिला. संगीत खय्याम यांचे. त्यात हॉटेलातील नाचाचा एक प्रसंग आहे. भूपिंदर हे तरुण गायक स्वतः पडद्यावर गात आहेत, आणि गाण्याच्या मध्ये एक काळासावळा, भरल्या अंगाचा माणूस ट्रम्पेट उचलतो. तेच चिक. मृत्यू त्या वेळी वर्षभराच्या अंतरावर होता. हे गाणे आता कोणाच्याही भ्रमणध्वनीवर सहज मिळते, आणि सुई उचलून मागे ठेवण्याचे कष्टही नाहीत. पोरांनी ते पाहताना बोटांकडे पाहू नये, बोटे तीनच कळांवर आहेत. गालांकडे पाहावे, ओठांच्या कोपऱ्यांकडे पाहावे, आणि स्वर सुरू होण्याच्या आधी खांदे न उचलता तो माणूस श्वास कोठे भरून घेतो, ते पाहावे.